रक्ताचे पाणी आणि सरकारचा कर

कष्टाळू माणसाविषयी बोलताना ‘त्याने रक्ताचे पाणी केले’ असे आपण सहज म्हणून जातो. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम उच्चारला त्याला शरीरशास्त्र कितपत अवगत होते कोण जाणे. परंतु रक्त गोठू न देता यंत्रात घालून वेगाने फिरवले, म्हणजे त्यातील तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर पाणी राहते, ही गोष्ट शब्दशः खरी आहे. या पाण्याला रक्तद्रव म्हणतात; इंग्रजी नाव प्लाझ्मा. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग हाच असतो. अमेरिकेतील असंख्य माणसे आज हे पाणी पैसे घेऊन देतात. ते पैसे हातात पडले की एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याच प्रश्नाचा इतिहास मी आज सांगणार आहे. स्वतःच्या शिरेतून काढून दिलेल्या द्रवाचे जे मोल मिळाले, ते ‘उत्पन्न’ होय काय? आणि होय म्हटले, तर ते कशाचे उत्पन्न? मालाच्या विक्रीचे, की अंगमेहनतीचे?

प्रथम व्यवहार कसा चालतो तो थोडक्यात सांगतो. दात्याच्या दंडातून रक्त काढायचे, त्यातील रक्तद्रव वेगळा करायचा आणि पेशी पुन्हा त्याच्याच शरीरात सोडायच्या, अशी ही पद्धत आहे. पेशी परत मिळत असल्यामुळे माणूस लवकर भरून येतो. म्हणून संपूर्ण रक्त देणाऱ्याला कित्येक आठवडे थांबावे लागते, तर रक्तद्रव देणाऱ्याला अमेरिकेच्या नियमांप्रमाणे आठवड्यातून दोनदा सुई टोचून घेता येते. या द्रवापासून अल्ब्युमिन, रोगप्रतिकारक ग्लोब्युलिन, आणि ज्यांचे रक्त गोठत नाही अशा हिमोफिलियाच्या रोग्यांसाठी औषधे तयार होतात. औषधांसाठी जगात जेवढा रक्तद्रव गोळा होतो त्यापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक एकट्या अमेरिकेतून येतो. कारण उघड आहे. बहुतेक देश पैसे देऊन तो घेऊ देत नाहीत, आणि अमेरिका घेऊ देते. शिवाय जिथे पैसे मोजले जातात तिथेही देणाऱ्याला ‘दाता’ असेच म्हणतात. आपल्याकडे दान आणि दाम यांची अशी सोयरीक कोणी लावू धजणार नाही. परंतु तिथल्या कंपन्या सांगतात की, आम्ही रक्तद्रवाची किंमत देत नाही, दात्याच्या वेळेचा मोबदला देतो. हा शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढील साऱ्या वादाची मेख तिथेच आहे.

अमेरिकेत आजचा प्राप्तिकर १९१३ सालच्या सोळाव्या घटनादुरुस्तीपासून चालत आला आहे. ‘उत्पन्न’ म्हणजे काय, याची व्याख्या तिथल्या कायद्याने मुद्दामच सैल ठेवली. १९५४ च्या संहितेच्या ६१ व्या कलमाचा आशय असा की, उत्पन्न कोणत्याही मार्गाने आलेले असो, वेगळी सूट दिलेली नसेल तर ते करपात्रच. पुढच्याच वर्षी, १९५५ साली, ग्लेनशॉ ग्लास कंपनीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने आणखी खुलासा केला. संपत्तीत भर पडली, ती प्रत्यक्ष हाती आली आणि तिच्यावर माणसाची पूर्ण सत्ता चालू लागली, की ते उत्पन्न झाले. या जाळ्यातून निसटणे कठीण. तरी एक फट होती. ज्याच्या शरीराला दुखापत झाली त्याला मिळालेली भरपाई करपात्र नव्हती, आणि नाही. मोडलेल्या हाताबद्दल मिळालेला पैसा हा नफा नव्हे. जे गेले त्याची ती कशीबशी भर आहे, असा त्यामागचा विचार.

आता रक्ताकडे वळू. १९५३ साली तिथल्या कर-खात्यापुढे प्रश्न आला तो विक्रीचा नव्हता, खऱ्याखुऱ्या दानाचा होता. धर्मादाय संस्थेला वस्तू दिली तर तिच्या किमतीइतकी वजावट उत्पन्नातून मिळते. मग रक्तपेढीला रक्त दिले तर का मिळू नये? खात्याने निर्णय दिला की रक्त देणे ही मालमत्तेची देणगी नसून सेवा आहे, आणि सेवेबद्दल वजावट नाही. लगेच पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयात पर्लमटर विरुद्ध बेथ डेव्हिड रुग्णालय हा खटला चालला. रुग्णालयाने रक्त चढवले, त्याचे ६० डॉलर वेगळे आकारले, आणि त्या रक्तातून रोग्याला कावीळ झाली. माल सदोष निघाल्यास विकणारा जबाबदार, हा व्यापाराचा साधा नियम. चार विरुद्ध तीन अशा मतांनी न्यायालयाने ठरवले की, ही विक्रीच नाही. उपचाररूपी सेवेचा तो एक भाग आहे. पुढे जवळजवळ सर्व राज्यांनी कायदे करून हेच तत्त्व पक्के केले.

तेव्हा १९५४ पर्यंतचा हिशेब असा झाला की, देणारा देतो तेव्हा रक्त सेवा, रुग्णालय चढवते तेव्हाही सेवा. दोन्ही वेळा या शब्दाचा लाभ कोणाला झाला, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आणि विकणारा विकतो तेव्हा? हा प्रश्न न्यायालयापुढे यायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

तो आला फ्लॉरिडातील एका स्त्रीच्या रूपाने. खटला तिच्या आडनावाने, ‘गार्बर खटला’ म्हणून, ओळखला जातो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, तिसऱ्या अपत्याच्या जन्मानंतर, तिच्या रक्तात एक अत्यंत दुर्मिळ प्रतिद्रव्य आढळले. रक्तगट तपासण्याचे रसायन बनवणाऱ्या प्रयोगशाळांना ते सोन्याहून पिवळे होते. एका कंपनीने करार केला, दुसरीने त्याहून अधिक देऊ केले. १९७० ते १९७२ या काळात तिला आठवड्याला २०० डॉलर पगार, वापरायला मोटार, आणि दिलेल्या रक्तद्रवाबद्दल वेगळी रक्कम मिळत होती. एका वर्षी तर हा आकडा ऐंशी हजार डॉलरांच्या वर गेला. पगारातून कर कापला जाई. बाकीच्या रकमेवर तिने कर भरला नाही.

येथवर ऐकून एखादा श्रोता म्हणेल, मग कर चुकवलाच की! परंतु ही रक्कम कशी मिळत होती ते पाहावे. प्रतिद्रव्याचे प्रमाण नैसर्गिकपणे पुरेसे राहत नाही. ते वाढावे म्हणून तिच्या शरीरात तिला न जुळणारे रक्त टोचले जाई. त्याने मळमळ होई, ताप येई, आणि काविळीसारख्या रोगाचा धोका कायमचा मानगुटीवर बसे. महिन्यातून अनेकदा दंडातून द्रव काढला जाई. स्वतःला आजारी करून घेऊन त्या आजाराचे फळ विकायचे, असा हा व्यवसाय होता. याला ‘नफा’ हा शब्द लावताना जीभ थोडी अडखळते.

सरकारने मात्र तिच्यावर फौजदारी खटला भरला. केवळ कराची मागणी केली नाही, तर बुद्धिपुरस्सर करचुकवेगिरीचा आरोप ठेवला. ज्यूरीने १९७० आणि १९७१ या वर्षांबद्दल तिला निर्दोष सोडले आणि १९७२ बद्दल दोषी धरले. तुरुंगवासाची शिक्षा झाली. खटल्यात सरकारच्या तज्ज्ञाचे म्हणणे सोपे होते. रक्तद्रव ही मालमत्ता. तिची खरेदी-किंमत शून्य. म्हणून मिळालेली सारी रक्कम नफा. बचावपक्षाचा तज्ज्ञ सांगू इच्छीत होता की, शरीराच्या अंशाची खरेदी-किंमत ठरवताच येत नाही. जेवढे गेले तेवढेच आले. हे दुखापतीच्या भरपाईसारखे आहे. त्याला ज्यूरीसमोर बोलूच दिले गेले नाही.

१९७९ साली पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ती शिक्षा रद्द केली. ही रक्कम करपात्र आहे की नाही, याचा निकाल मात्र त्या पीठाने दिला नाही. त्याने एवढेच म्हटले की, जिथे कायदाच अस्पष्ट आहे, जिथे पूर्वी असा प्रश्न कधी सुटलेला नाही, तिथे कर भरला नाही म्हणून माणसाला गुन्हेगार ठरवता येणार नाही. असले वाद दिवाणी मार्गाने सोडवावेत. माझ्या मते निकालातील ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. पीठातील काही न्यायाधीशांना ती पटली नव्हती आणि पुढे इतर न्यायालयांनीही या निकालाची व्याप्ती आवळत नेली. तथापि नियम आधी स्पष्ट करा आणि मग शिक्षेची भाषा बोला, हा क्रम सोडून चालत नाही, हे वर्गात मुलांना शिस्त लावणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते.

दिवाणी मार्गाने तो वाद पुढच्याच वर्षी सुटला. तोही फ्लॉरिडातच, पेन्सकोला गावच्या एका स्त्रीच्या प्रकरणात. १९८० चा हा निकाल ‘ग्रीन विरुद्ध कमिशनर’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिचा रक्तगट एबी निगेटिव्ह, म्हणजे फार थोड्यांचा. कित्येक वर्षे ती एका प्रयोगशाळेला नियमितपणे रक्तद्रव देत होती आणि १९७६ या एका वर्षात तिला त्यातून सुमारे सात हजार डॉलर मिळाले. तिचा पवित्रा निराळा होता. हे उत्पन्न नाही, असे ती म्हणालीच नाही. ती म्हणाली, हा माझा धंदा आहे. तेव्हा धंद्याला जी जी वजावट मिळते ती मलाही द्या.

कर-न्यायालयाने हे मान्य केले. रक्तद्रव हा विक्रीयोग्य माल आहे आणि बाई त्याच्या विक्रेत्या आहेत, असे ठरले. कोंबडीची अंडी, मधमाश्यांचा मध, गाईचे दूध, मेंढीची लोकर विकत घेऊन जसा व्यापार चालतो तसाच हा, अशा उपमा न्यायालयाने दिल्या. उपमा बिनचूक असतील. फक्त गाईला विवरणपत्र भरावे लागत नाही, एवढा फरक राहतो. मग एकेका खर्चाची छाननी झाली. रक्ताचा कस टिकावा म्हणून नेहमीच्या जेवणाहून अधिक असा जो पौष्टिक आहार ती घेई, त्याचा खर्च मंजूर झाला. प्रवासखर्चाची अडचण होती, कारण घरून कामावर जाण्याच्या खर्चाला वजावट मिळत नाही, हा तिथला जुना नियम. न्यायालयाने तोड काढली. माल बाजारात पोचवण्याचा खर्च व्यापाऱ्याला मिळतो, आणि येथे माल वाहून नेणारे पात्र म्हणजे खुद्द बाईच! त्यांना सोडून माल एकटा जाऊ शकत नाही. सबब प्रवासखर्च मंजूर. आरोग्यविम्याचा हप्ता मात्र नामंजूर झाला. आणि सर्वांत चमत्कारिक मागणी होती ती क्षयाबद्दलच्या सुटीची. खाणीतून खनिज काढले की साठा कमी होतो, म्हणून खाणमालकाला त्याबद्दल वजावट मिळते. बाईंचे म्हणणे, माझ्या शरीरातील खनिजेही अशीच झिजत आहेत. न्यायालयाने उत्तर दिले की, ती सूट भूगर्भातील साठ्यांसाठी आहे. मानवी देह म्हणजे खाण नव्हे.

हे वाचताना प्रथम हसू येते. मग मात्र मन थबकते. ज्या निकालाने देहाला पात्र म्हटले, त्याच निकालाने त्याला खाण म्हणायला नकार दिला. पात्र म्हटले ते बाईंच्या फायद्याचे होते, खाण म्हणण्यास नाकारले ते सरकारच्या. तरीही १९५३ च्या निर्णयापेक्षा मला हा निकाल अधिक प्रामाणिक वाटतो. सरकारला विक्रीवर कर हवा असेल तर त्याने तिला विक्री म्हणावे आणि विक्रेत्याचे हक्कही द्यावेत.

असा प्रामाणिकपणा सर्वत्र टिकला नाही. १९८६ साली रक्तदानाबद्दल वजावट मागणारे एक प्रकरण अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयात गेले, तेव्हा रक्त देणे ही सेवा मानली काय आणि वस्तू मानली काय, वजावट मिळत नाही, असे सांगून ते निकालात काढण्यात आले.

पैसे घेणे मुळात योग्य की अयोग्य, हा प्रश्न न्यायालयांनी आपल्याकडे घेतला नाही; तो त्यांचा नव्हताही. तो इतरांनी घेतला. आम्हा कॅथलिकांमध्ये असा एक समज दिसतो की, शरीराच्या अंशाबद्दल पैसे घेणे म्हणजे सरळ पाप. पोप बारावे पायस यांनी १९५६ च्या मे महिन्यात नेत्ररोपणाविषयी केलेल्या भाषणात याहून सौम्य भूमिका घेतली होती. मोबदला नाकारणे स्तुत्य आहे, परंतु स्वीकारणे हा दरवेळी दोष ठरतोच असे नाही, आणि रक्ताची गोष्टही तशीच, असा त्यांचा अभिप्राय होता. याउलट रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९७० साली रक्तदानावर जो ग्रंथ लिहिला, त्यात विकत घेतलेले रक्त अधिक धोक्याचे आणि समाजाच्या सौहार्दाला मारक असते, असे जोरदार प्रतिपादन केले. आपल्या देशाने पुढे टिटमसचीच वाट धरली. पूर्वी आपल्याकडेही धंदेवाईक रक्तदाते होते, आणि पोटाची खळगी भरण्यासाठी पुनःपुन्हा रक्त देणारी ती माणसे स्वतःही अशक्त असत. सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या अर्जावर ४ जानेवारी १९९६ रोजी आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. त्यामुळे रक्त विकून मिळालेला पैसा प्राप्तिकराच्या विवरणपत्रात कोठे दाखवावा, हा प्रश्न येथील प्रामाणिक नागरिकाला पडत नाही.

अमेरिकेत तो पडतो, आणि तो आता अगदी लहान रकमांबाबत पडतो. गार्बर आणि ग्रीन यांचे रक्त दुर्मिळ होते. आजच्या केंद्रांत रांग लावणाऱ्या माणसांचे तसे नाही. कोणी विद्यार्थी असतो, कोणी नोकरी सुटलेला, कोणी दोन पोरांची आई. कॅथरिन एडिन आणि ल्यूक शेफर या दोघा अभ्यासकांनी अतिदारिद्र्यातील अमेरिकन कुटुंबांवर २०१५ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात रोख पैसा मिळवण्याच्या मोजक्या मार्गांमध्ये रक्तद्रव विकण्याचा उल्लेख येतो. मोबदला बहुधा कार्डावर जमा होतो, आणि त्याच आठवड्यात किराण्यात संपतो.

नियम त्यांनाही तोच. कंपनीने वर्षाकाठी दिलेली रक्कम ठरावीक मर्यादेवर गेली तर तिने १०९९ क्रमांकाचा तक्ता सरकारकडे आणि दात्याकडे पाठवायचा असतो. ही मर्यादा दीर्घकाळ ६०० डॉलर होती. २०२५ साली झालेल्या कायद्याने २०२६ मधील रकमांपासून ती २,००० डॉलर केली आहे. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कागद आला नाही म्हणजे कर नाही, असे लोक धरून चालतात. ही मर्यादा कागद पाठवणाऱ्यासाठी आहे, मिळवणाऱ्यासाठी नाही. शंभर डॉलर मिळाले असले तरी विवरणपत्र भरणाऱ्याने ते दाखवायचेच असतात. प्रत्यक्ष कर किती बसेल ही पुढची गोष्ट.

दाखवायचे कोठे, यात पुन्हा तोच जुना वाद डोके वर काढतो. ‘इतर उत्पन्न’ या सदरात लिहिले तर हिशेब सोपा, परंतु येण्याजाण्याच्या खर्चाची वजावट नाही. ग्रीनबाईंप्रमाणे धंदा म्हणून लिहिले तर वजावट मिळू शकते. पण मग निव्वळ प्राप्ती ४०० डॉलर झाली की स्वयंरोजगाराचा कर बसतो, आणि त्याचा दर १५.३ टक्के. तेव्हा अधूनमधून सुई टोचून घेणाऱ्याने आपण व्यापारी आहोत असे सांगण्यापूर्वी दोनदा विचार केलेला बरा. ज्याने खरोखर नियमितपणे, नफ्याच्या हेतूने, हिशेबाची वही ठेवून हे केले, त्याचीच गोष्ट वेगळी.

राहिली ती दुखापतीच्या भरपाईची फट. गार्बर खटल्यात जो मुद्दा अर्धवट सुटला होता, तो २०१५ साली ‘पेरेझ विरुद्ध कमिशनर’ या खटल्यात पुन्हा मांडला गेला. येथे रक्त नव्हते. एका तरुणीने अपत्यहीन दांपत्यांसाठी आपली बीजांडे दिली होती आणि २००९ मध्ये तिला २०,००० डॉलर मिळाले होते. इंजेक्शनांची आणि शस्त्रक्रियेची वेदना तिने सोसली होती. करारातही वेदना आणि गैरसोय यांबद्दलच हा मोबदला आहे, बीजांडांची ही किंमत नाही, असे स्पष्ट लिहिले होते. मग ही दुखापतीची भरपाई का नव्हे, असे तिचे म्हणणे. कर-न्यायालयाचे न्यायाधीश मार्क होम्स यांनी वेदना खरी आहे हे नाकारले नाही. परंतु ती आधी मान्य करून, करार करून, तिचे मोल ठरवून सोसलेली वेदना होती. अशी सूट देऊ लागलो तर ठोसे खाणारा मुष्टियोद्धाही आपली बिदागी भरपाई म्हणून दाखवील, अशा अर्थाचा दाखला त्यांनी दिला. रक्कम करपात्र ठरली.

आणि ज्या शब्दाकडे मी आरंभी लक्ष वेधले होते तो ‘वेळेचा मोबदला’ येथे कामी आला तो असा. आम्ही किंमत घेत नाही, वेळेचे आणि कष्टाचे घेतो, असे करारात लिहिले की, जे मिळाले ते सेवेचे उत्पन्न ठरते, आणि सेवेचे उत्पन्न तर अमेरिकेत करपात्रच असते. रक्तद्रवाच्या केंद्रावर दात्याकडून ज्या कागदांवर सह्या घेतल्या जातात, त्यांतील भाषा आजही बहुधा याच घडणीची असते.